जप्तीत न येणाऱ्या वस्तू

माझ्या चुलतसासऱ्यांइतकी दुसऱ्यांच्या घरातली भांडीकुंडी अख्ख्या खान्देशात कोणी मोजली नसतील. पस्तीस वर्षं ते कोर्टात बेलीफ होते, कधी धुळ्याला, कधी जळगावला. कोर्टाचं वॉरंट घेऊन देणेकऱ्याच्या दारात उभं राहायचं आणि सामान जप्त करून आणायचं, हे त्यांचं काम. अशा माणसाला बघून लोकांनी रस्ता बदलायला हवा. पण आमच्या नानांना लग्नाच्या पंगतीत लोक आग्रह करकरून वाढायचे, कारण त्यांचा जीव जप्त करण्यात कधी नव्हताच. तो अडकला होता साठाव्या कलमात. माणूस कितीही बुडाला, अगदी कोर्टाने नादार ठरवला, तरी त्याच्या घरातून काय काय उचलता येत नाही, त्याची यादी दिवाणी कायद्याच्या त्या कलमात आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, बाईने धर्माप्रमाणे उतरवू नये असा दागिना, कारागिराची अवजारं आणि असंच बरंच काही. ही यादी नाना रोज सकाळी आंघोळ करताना म्हणत. शेजारच्यांना कित्येक वर्षं ते स्तोत्र वाटत होतं. "एवढं जाड पुस्तक सरकारनं लिहिलं," नाना म्हणायचे, "पण माया एकाच पानावर केली."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते मला बघायला आले तेव्हा. धुळ्याला आमच्या घरी पाहुणे बसले होते, मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले, आणि सगळे माझ्याकडे बघत असताना हा एक उंच, वाळका माणूस आमच्या कपाटाकडे बघत होता. मग उठून त्याने स्वयंपाकघरात डोकावलं, माजघरातल्या गाद्यांच्या चळतीवरून नजर फिरवली आणि परत येऊन माझ्या वडिलांना सांगितलं, "भाऊ, तुमच्या घरात येऊन कोणी काही करू शकणार नाही. एक फ्रिज सोडला तर सगळं सूट." वडिलांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, गरिबी काढली. आतल्या खोलीत आई रडायला लागली. संध्याकाळी पसंतीचा फोन आला, तेव्हा कळलं की तो माणूस आमच्या घराचं तोंड भरून कौतुक करून गेला होता.

लग्नानंतर त्यांच्या शेजारच्याच घरात राहायला आले आणि मग मला नानांची खरी ओळख झाली. जगातल्या कुठल्याही वस्तूकडे बघून त्यांना आधी एकच प्रश्न पडतो, ही सूट की जप्तीयोग्य? लग्नात आहेर मांडून ठेवलेल्या टेबलासमोर ते पाच मिनिटं उभे राहणार. "एक डिनर सेट, भांडी म्हणून सूट. दुसरा डिनर सेट, चैन." नवऱ्यामुलाच्या वडिलांना हे ऐकू गेलं की जेवणं होईपर्यंत ते नानांच्या आसपास फिरकत नाहीत. स्वतः नाना कधी जप्तीयोग्य भेट देत नाहीत. मुंज असो, लग्न असो, बारसं असो, एक तर परात, नाही तर चादर. माझ्या माळ्यावर आज अकरा पराती आहेत. एकदा मी वैतागून म्हटलं, "नाना, एखादं भिंतीवरचं घड्याळ द्या की."

"घड्याळ नेतील."

"कोण नेतील? आमच्यावर दमडीचं कर्ज नाही."

"सूनबाई, कोणावरच नसतं," ते म्हणाले. "आदल्या वर्षापर्यंत." आणि बारावी परात त्यांनी माझ्या नणंदेला दिली.

त्यांच्या नोकरीतल्या हकिगती त्यांच्यापेक्षा त्यांचे जुने सहकारीच जास्त रंगवून सांगतात. जप्तीच्या घरी नाना पाण्याचा घोटही घेत नसत. स्वतःची बाटली आणि फडक्यात बांधलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी बरोबर. वरणगावकडे एका घरी वादीचा माणूस गॅसवरचा कुकर उचलायला निघाला. नाना गॅसपाशी मांडी घालून बसले. म्हणाले, "आत डाळ आहे, तोवर हे भांडं आहे. शिट्ट्या होऊ द्या." शिट्ट्या झाल्या, डाळ झाली, पोरं जेवली, तरी नाना उठेनात. शेवटी वादीचाच माणूस कंटाळून टीव्ही घेऊन गेला. एका बाईच्या घरी मांडे करायचं मोठं खापर होतं, ती ऑर्डरीचे मांडे करून विकायची. ते खापर न्यायचंच असा समोरच्याचा हट्ट. नानांनी त्याला शांतपणे समजावलं की भांडं म्हणालात तर सूट आणि अवजार म्हणालात तरी सूट, आता तिसरं काही सुचत असेल तर सांगा. त्याने खापर खाली ठेवलं. ती बाई अजून दर अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे मांडे पाठवते आणि नाना ते आधी कागदात गुंडाळून बाजूला ठेवतात, कारण निवृत्त झालो तरी लाच ती लाचच. मग अक्का, म्हणजे माझी चुलतसासू, ते कागदातून काढून वाढते आणि नाना खातात.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या ओट्यावर फुकट सल्ल्याचं दुकानच उघडलं. रिक्षावाल्याचा मोबाइल अवजार धरायचा का, इस्त्रीवाल्याच्या दोन इस्त्र्या असतील तर दुसरीचं काय. गल्लीतल्या एका मुलीने विचारलं की ती ज्या गोल दिव्यासमोर उभी राहून पाककृतींचे व्हिडिओ करते आणि त्यावर घर चालवते, तो दिवा कशात मोडतो? नाना दोन दिवस जेवताना गप्प होते. तिसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन अर्धा तास बघत बसले आणि परत येऊन निकाल दिला, "घाम येतो तिला. अवजार." दुसऱ्यांच्या बाबतीत शंका आली की नाना नेहमी देणेकऱ्याच्या बाजूने उभे राहिले. माझी तक्रार एवढीच आहे की स्वतःच्या बाबतीत त्यांनी बरोबर उलटं केलं, आणि ते जवळजवळ अक्काच्या जिवावर आलं होतं.

झालं असं की कूलरचं दुकान चालवणाऱ्या एका जुन्या मित्राला नाना जामीन राहिले. आयुष्यभर जामीनदारांच्या घरची कपाटं मोजलेला माणूस स्वतः जामीन राहतो, याला काय म्हणावं? मित्राने एका उन्हाळ्यात दुकान गुंडाळून सुरत गाठली, माल देणाऱ्या व्यापाऱ्याने दावा लावला आणि हुकूमनामा नानांवर आला. शिल्लक होती ती अक्काच्या दम्याच्या दवाखान्यात आधीच गेली होती. आम्ही पैसे भरतो म्हटलं, तर नानांनी हात जोडले. "सही माझी आहे," एवढंच बोलले. पेन्शनला कोणी हात लावू शकत नाही, त्यातून हप्ते देतो असं त्यांनी व्यापाऱ्याला कळवलं होतं, पण त्याला सामानच हवं होतं.

वॉरंट निघाल्याचं कळलं आणि नानांच्या अंगात उत्साह संचारला. मला तर राग यायला लागला. हा माणूस घर झाडून घेतोय, जाळी काढतोय, पाहुणे यायचे असल्यासारखा! त्यांनी चिठ्ठ्या केल्या. निळ्या शाईत "सूट", लाल शाईत "जप्तीयोग्य". कुकरवर निळी, गाद्यांवर निळी, टीव्हीवर लाल, फ्रिजवर लाल, सोफ्यावर लाल. राहिला होता झोका. पुढच्या खोलीत साखळ्यांना टांगलेला, रुंद सागवानी पाटाचा. तीन दिवस त्यावर कुठलीच चिठ्ठी नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी मी गेले, तर पाटाच्या कडेला लाल चिठ्ठी.

त्या झोक्यावर अक्का झोपते, हे आमच्या घरात लहान मुलालाही माहीत आहे. पाच-सहा वर्षांपासून तिला आडवं होता येत नाही, पाठ टेकली की छाती भरते. डॉक्टरांनी उशा लावून बसून झोपायला सांगितलं, पण पलंगावर ते काही जमलं नाही. मग एकदा ती झोक्यावर लोडाला टेकून बसली, एका पायाच्या अंगठ्याने जमिनीला रेटा देत राहिली आणि तिचा डोळा लागला. तेव्हापासून तिची झोप तिथेच. झोका गेला तर अक्काची झोप गेली, आणि त्या वयात, त्या छातीला, झोप जाणं म्हणजे काय ते सांगायला डॉक्टर लागत नाही.

"नाना, ही चिठ्ठी काढा," मी म्हटलं. सासऱ्यांशी मी त्या आवाजात कधी बोलले नव्हते.

"झोका चैनीत येतो, सूनबाई. माझ्या घरचा म्हणून वेगळा नाही."

अक्का लसूण सोलत बसली होती. तिने वर न बघता आपल्या अहिराणीत विचारलं, "मी अठे चैन करस का वो?"

अक्काने पाकळ्या ताटलीत टाकल्या. "लई जाऊ द्या त्यासले झोका. मी भुईवर बठसू रातभर."

मी घरी येऊन भांडी आपटली. नवरा म्हणाला, नाना आहेत ते, ऐकणार नाहीत. मला माहीत होतं. म्हणून तर आपटत होते.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास बेलीफ आली. हो, आली. तिशीची मुलगी, नानांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्यांच्याच हाताखाली शिकलेली. दारात येऊन आधी ती त्यांच्या पाया पडली, आणि नानांनी तिला "ड्यूटीवर पाया पडायचं नसतं" म्हणून झापलं. बरोबर व्यापाऱ्याचा माणूस होता, टेम्पो बाहेर उभा. मी पंच म्हणून सही करते म्हटलं, तर नाना म्हणाले, "तुझा हितसंबंध आहे, चालणार नाही," आणि समोरच्या दोन घरांतून पंच बोलावून आणले. पुढचा अर्धा तास त्या मुलीला काही काम उरलंच नाही. नाना वस्तू दाखवत होते, ती लिहीत होती. सोफ्याला एक पाय बदललेला आहे, तोही लिही, नाहीतर लिलावात घेणारा फसेल, असं नानांनी सांगितलं तेव्हा व्यापाऱ्याच्या माणसाने त्यांच्याकडे जरा चमकून बघितलं.

मग ती झोक्यापाशी आली. चिठ्ठी वाचली आणि पेन थांबवलं. "नाना, यावर कोण झोपतं?"

"झोका आहे. सागवानी. लिही."

"ते दिसतंय मला. झोपतं कोण?"

व्यापाऱ्याचा माणूस म्हणाला, "अहो मॅडम, झोक्यावर कोणी झोपतं का? हजारोंचं लाकूड आहे."

"नाना, कायद्यात पलंग म्हटलंय का?"

नाना सवयीने म्हणाले, "जरुरीचं अंथरूण-पांघरूण आणि बिछाना."

"जरुरीचं कोणाला?"

नाना भिंतीकडे बघत राहिले. पण अक्का या सगळ्याला कंटाळली होती. सकाळपासूनच्या गडबडीने तिला धाप लागली होती. ती आतून आली, कोणाकडे न बघता झोक्यावर बसली, लोड पाठीशी घेतला आणि अंगठ्याने रेटा दिला. साखळी करकरली. पाचच मिनिटांत तिचा श्वास संथ झाला, तोंड थोडं उघडलं, आणि बारीक शिट्टीसारखा तो दम्याचा आवाज खोलीत येऊ लागला. आम्ही सगळे उभे होतो. व्यापाऱ्याच्या माणसाने टेम्पोवाल्याला हाक मारायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं आणि तो बाहेर जाऊन हलक्या आवाजात बोलला. मुलीने लाल चिठ्ठी अलगद काढली आणि यादीत लिहिलं, बिछाना, एक, सूट. नानांनी खाली सही केली.

सामान गेल्यावर पुढची खोली मोठी दिसायला लागली. नाना भिंतीला टेकून फरशीवर बसले होते. मी चहा नेऊन दिला, पण त्यांनी कप हातात घेतला नाही. घरात ते अहिराणी क्वचितच बोलतात, कोर्टाने ती त्यांच्या तोंडातून काढून टाकलेली. तेव्हा मात्र बोलले.

"भडगावले एक झोका उतारा व्हता मी. नवी नोकरी व्हती. एक म्हतारी दाराशी उभी व्हती, काही बोलनी नही. मी लिखं, झोका एक, साखळ्यांसकट. तठे कोण झोपस, मी इचारंच नही."

मी त्यांना म्हटलं, नाना, तेव्हा तुम्हाला काय माहीत. असंच काहीतरी म्हटलं. त्यांना बरं वाटावं म्हणून माझा जीव तुटत होता आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ते कोणाला न सांगता सकाळच्या एसटीने भडगावला जाऊन आले. दुपारी परतले, पाय धुतले, पिशवी खुंटीला अडकवली. पिशवीतून कागदात गुंडाळलेल्या परातीची कड दिसत होती. अक्का झोक्यावर झोपलेली होती. मी डोळ्यांनीच विचारलं.

"आते तठे दुसरा लोक र्‍हातस," नाना म्हणाले. "झोकान्या कड्या अजून वर शेतस, छतले. त्या लोकेसले माहीत नही कसान्या शेतस."

मी परात घेऊन आत ठेवायला निघाले. झोका थांबत आला होता. नाना खाली बसले आणि अक्काची झोप मोडू नये म्हणून हात लांब करून त्यांनी पाटाला हलकाच रेटा दिला.