मांडी घातलेल्या माणसाची पेटी

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा पाऊस गायब होता आणि माझी नोकरी जायच्या बेतात होती. निलंग्याच्या शाळेत मी तात्पुरता चित्रकला शिक्षक. मुख्याध्यापक म्हणाले, "नव्या जिल्ह्याचं पहिलं प्रदर्शन आहे. शिक्षणाधिकारी साहेब खूश झाले तर तुला कायम करायची शिफारस करतो. नाहीतर जूनमध्ये दुसरी शाळा बघ."

माझ्याकडे मासिकातलं एक पान होतं: प्राचीन इजिप्तमधल्या शवपेटीच्या रंगवलेल्या फळ्या. तीनच तुकडे. एकावर काजळ घातलेले टपोरे डोळे, एकावर पंख पसरलेली देवी, एकावर ओळीनं पक्षी. मी ठरवलं, अख्खी पेटीच करायची.

दुष्काळात नांगर-वखर कोण करून घेतो? सुतारमामा रिकामेच होते. त्यांनी पान उलटंसुलटं पाहिलं.

"आत काय ठेवायचं?"

"मयत."

"मग माप नगं सांगू. मला काय मयत ठाव न्हाई?"

वाळून गेलेल्या आंब्याच्या फळ्यांवर मी हळद, गेरू, नीळ चढवली. रंगाला तांब्याभर पाणी मागितलं की आई करवादायची, "जित्यांना प्यायला न्हाई, अन् तुझ्या मेलेल्याला आंघोळ!"

लातूरला साहेब पेटीपुढं थांबले. डोळे पाहिले, देवी पाहिली, मग भुवया वर गेल्या. "मास्तर, ही एवढी बुटकी का?"

मुख्याध्यापकांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला जून तिथंच दिसला.

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. मामांचा सारा जन्म आमच्या लिंगायत गल्लीत गेलेला. आमच्यात माणूस गेला की त्याला मांडी घालून बसवतात, बसलेलाच मिरवत नेतात, बसलेलाच पुरतात. आडवं मयत मामांच्या ध्यानीमनीही नव्हतं. आणि खरं सांगू? पंधरा दिवस रंगवताना मलाही काही खटकलं नव्हतं!

पेटीबरोबर आलेले मामा पुढं सरसावले. "बुटकी कशाला साहेब? बसलाय की त्यो. देवापुढं कुणी झोपून जातं व्हय?"

साहेबांना हसू आवरेना. "बसवून दाखवा बरं."

मी चपला काढल्या, आत शिरून मांडी घातली. बरोब्बर मावलो! मामांनी टपोऱ्या डोळ्यांची फळी लावली. अंधार, हळदीचा वास, आणि बाहेरून साहेबांचा आवाज, "असा मास्तर सोडू नका हो."

"छे छे साहेब! कायमची शिफारस करतो की."

मी आतून फळी ठोकली. "सर, आधी लेखी द्या. मगच उठतो!"