वखारीची खिडकी

ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मी नुकतीच मानसशास्त्र शिकले होते. दर रविवारी बेळगावहून बसनं निपाणीला जायचे आणि शाळेच्या एका वर्गात तंबाखूच्या वखारीतल्या बायकांची बैठक घ्यायचे. कुणाला धाप लागायची, कुणाला झोप यायची नाही, कुणी बोलता बोलता रडायची.

त्यांतली एक नेहमी दाराजवळ बसायची. वखारीतल्या धुळीपायी नाकावरून घट्ट बांधलेला पदर ती इथंही सोडायची नाही. नाव विचारलं तर म्हणाली, "लिवायचं कशाला?"

एकदा मी सगळ्यांना सांगितलं, "डोळे मिटा, खोल श्वास घ्या आणि मनातला राग सोडून द्या." पहिल्याच श्वासाला अख्खा वर्ग खोकायला लागला.

तिनं पदर खाली ओढला. "बाई, वाऱ्यानं माल उडतोय म्हून वखारीची खिडकी खिळं मारून बंद केलीय. दिसभर धूळ गिळतोय आम्ही. राग सोडून दिला, तर ती खिडकी कोण उघडणार?"

मला आधी तिचाच राग आला. परतीच्या बसमध्ये बसल्यावर स्वतःचा आला.

पुढच्या रविवारी ती उशिरा आली. तळहाताला चिंधी बांधलेली होती. तिनं माझ्या टेबलावर चार वाकडे, गंजके खिळे ठेवले.

"मला कामावरनं काढलं. खिडकी मातर ह्या बायकांनी परत बंद करू दिली न्हाय."

मग ती पहिल्या रांगेत येऊन बसली. नाकावर पदर नव्हता.

"हं, शिकवा आता श्वास घ्यायला."

मी शिकवलं. पण डोळे मिटायला त्यानंतर कुणालाच सांगितलं नाही.