काळा आणि तपकिरी

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. सांगायला बसलो की मी माकडांचे किस्से सांगतो, लोक हसतात, आणि हे पोटातच राहतं. आज सांगतो. ऐकून तुम्हाला माझी किळस आली तर येऊ द्या — मला तर कधीची येते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्राचा नवा प्राध्यापक. हिवाळ्यात गावात सर्कस आली. तिच्यात दोन गिबन होते, आसामकडचे लांब हातांचे कपी — एक काळा, एक तपकिरी. दोघांना एकत्र ठेवावं की नाही, हे विचारायला मॅनेजरने मला बोलावलं. माझे विद्यार्थी मागे उभे होते. मग काय, मी छाती फुगवून सांगितलं की या दोन वेगळ्या जाती आहेत, एका पिंजऱ्यात ठेवाल तर एकमेकांना फाडतील. दोघांच्या भुवया सारख्याच पांढऱ्या होत्या. मला दिसल्या नाहीत? दिसल्या होत्या हो! पण तेवढ्यात पोरांनी टाळ्या वाजवल्या.

सर्कशीची दुसरी तुकडी अहेरीला निघाली होती. तिच्या ट्रकमध्ये तपकिरी गिबन गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे काळा गायला लागला. गावभर ऐकू जायचं. थोडं गायचा, थांबायचा, ऐकत राहायचा — पुन्हा गायचा. मी पुस्तक उघडलं. नर काळा, मादी तपकिरी. एकच जात. पहाटे जोडीने गातात, नराच्या ओळीत मादीची जागा असते. तो ती जागा रिकामी सोडत होता.

अहेरीला एक निरोप पुरला असता. का नाही धाडला? टाळ्या परत कराव्या लागल्या असत्या — एवढंच. दुसरं काही नाही.

वर्गात पौर्णिमा उभी राहिली. सगळ्यात मन लावून शिकणारी मुलगी.

"सर, तो त्या तपकिरीले बोलावून राह्यला काय?"

आणि मी — मला उत्तर माहीत होतं — म्हणालो, "काऊन, माकडाची सोयरीक जुळवायले निघाली का तू?"

वर्ग खदाखदा हसला. गिबन माकड नव्हे, त्याला शेपूट नसते, हे मीच आदल्या आठवड्यात शिकवलं होतं.

तंबू उठायच्या आधीच काळा मेला. त्याने खाणं सोडलं होतं. मॅनेजर म्हणाला, थंडी बाधली असेल. मी मान डोलावली. नाजूक जात, असंही वर म्हणालो.

पुढे गिबनच्या सवयींचा धडा शिकवायची वेळ आली. गिबन जोडीने राहतो, जोडीने गातो — मी रंगवून रंगवून सांगितलं. पौर्णिमा सगळं उतरवून घेत होती. मादीचा रंग सांगितला तेव्हा तिचं पेन थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी फळ्याकडे वळलो.

त्यानंतर तिने माझ्या तासाला एकही प्रश्न विचारला नाही.