उत्तराताईंची सुई

आमच्या मजल्यावरच्या उत्तराताई नोकरीभर सरकारी प्रयोगशाळेत विषं शोधत होत्या. त्यांच्याकडे पहिल्यांदा चहाला गेले, तेव्हा मी आधी त्यांना घोट घेऊ दिला. त्यांनी ते ओळखलं आणि मुद्दाम माझ्याच कपात चमचा बराच वेळ ढवळत बसल्या. तेव्हापासून आमचं जमलं.

गेल्या श्रावणात बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीच्या सत्यनारायणाला अर्ध्या बिल्डिंगला उलट्या सुरू झाल्या. सगळे सावरले. पण सेक्रेटरी विद्याधरने गेटपाशी चारचौघांत निकाल देऊन टाकला, "शिऱ्यातच काहीतरी होतं." शिरा जानकीचा. ती आमच्याकडच्या बऱ्याच घरी पोळ्या करते. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी तिला 'उद्यापासून नको' म्हणून कळवलंसुद्धा.

उत्तराताई तिला घेऊनच विद्याधरकडे गेल्या. मागोमाग मी. मला कुठलं राहवतंय?

"पंचामृत कशात कालवलंस रे?"

"आजोबांच्या तांब्याच्या पातेल्यात. आता आमच्या घराण्यावर संशय?"

"कल्हईवर. शेवटची कधी लावलीस?"

विद्याधरला आठवेना. पंचामृतही संपलेलं. पण तीर्थ कोणी टाकून देतं का? आमच्या ह्यांच्यासाठी राखलेली वाटी फ्रिजमध्ये तशीच होती. ती मी धावत आणली.

ताईंनी एक सुई घासून लख्ख केली आणि वाटीत बुडवली. "उद्या बघू."

"आत्ताच सांगून टाका ना," विद्याधर म्हणाला.

"इंग्लंडात दोनशे वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्याच्या कॉफीत सोमल, म्हणजे आर्सेनिक, सापडला. पण ज्यूरीसमोर जाईपर्यंत रसायनवाल्याचा पुरावाच बिघडला आणि आरोपी सुटला. रसायनवाला इतका चिडला, की त्याने नवी चाचणीच शोधली. काचेवर सोमलाचा डाग उमटायचा, कोणीही बघावा. माझं ऐकू नकोस. तूही डोळ्यांनी बघ."

सकाळी सुईवर तांबूस थर चढला होता. आंबट दह्याने कल्हई उडालेल्या पातेल्यातलं तांबं उतरवलं होतं आणि तेच आमच्या पोटात गेलं होतं. अशी बाई माझ्या भिंतीपलीकडे राहते, हे मी तेव्हापासून भाजीवाल्यालाही सांगते.

"बरं, माझं चुकलं," विद्याधर पुटपुटला.

"मला काय सांगतोस? बोललास तिथे चल."

गेटपाशी, सगळ्यांसमोर, त्याने जानकीची माफी मागितली. तिने शांतपणे ऐकून घेतली.

"परत एकदा बोला," ती म्हणाली. "वरच्या वैनी आत्ता आल्या."