बाबांची स्तोत्रं

बाबा चिखल्याच्या खाणीत जमिनीखाली कामाला होते. रविवारी आमच्याच क्वार्टरमध्ये उपासना व्हायची. पाळक, म्हणजे आमचे ख्रिस्ती धर्मगुरू, तुमसरहून महिन्यातून एकदा येत. एरवी स्तोत्रं बाबाच सांगत. ते एक ओळ म्हणायचे, मागून सगळे. मी पेटी वाजवायची.

पाळकांनी एकदा सांगितलं होतं, की ही स्तोत्रं येशूच्याही आधीची, यहुद्यांच्या मंदिरात गायली जाणारी. येशूनं स्वतः ती म्हटली. शब्द आपल्यापर्यंत आले, चाली आल्या नाहीत. बाबांना यात अडचण वाटली नाही. त्यांचं लहानपण सिहोऱ्याकडं गेलेलं; तिथल्या भजनांच्या चाली त्यांनी स्तोत्रांना लावल्या. 'परमेश्वर माझा मेंढपाळ' हे स्तोत्र ते असं उचलत, की शेजारच्या बायाही दारात येऊन उभ्या राहत.

मी मॅट्रिक झाले त्या सुमारास बाबांना ऐकू येईनासं झालं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी कान तपासले आणि आता हे परत येणार नाही, असं सांगितलं. बाबा गात राहिले. सूर सुटायचा, ते वर चढायचे, मी पेटीवर त्यांच्यामागं पट्टी बदलत धावायची. लोक मान खाली घालून तसंच म्हणायचे.

ईस्टरला, येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाला, पाळक आले होते. दुसऱ्याच कडव्याला गाणं इतकं विस्कटलं, की माझे हात थांबले. पाळक हळूच म्हणाले, आज आपण स्तोत्र वाचू या. सगळे गायचे थांबले. बाबांचे डोळे मिटलेले होते. ते एकटेच पुढं गात राहिले, शेवटच्या ओळीपर्यंत. उठून त्यांच्या खांद्याला हात लावावा, असं मला वाटलं, पण मला उठवेना. पाळकही पुस्तक उघडं धरून उभेच राहिले. बाबांनी डोळे उघडले, तेव्हा सगळ्यांची तोंडं मिटलेली होती.

लोक गेल्यावर बाबांनी सतरंजीची घडी केली. मग माझ्यासमोर येऊन बसले.

"मी बेसूर गाऊन राहिलो का, बाई?"

माझ्या ओठांकडं बघत होते. मी मान हलवली, हो म्हणून.

"कवापासून?"

मी बोटं दाखवायला लागले, पण महिने की वर्षं, ते कसं सांगायचं? मी मोठ्यानं सांगितलं, मग आणखी मोठ्यानं. पलीकडच्या क्वार्टरमधली काकू काय झालं म्हणून धावत आली. बाबा अजून माझ्या तोंडाकडंच बघत होते.