आरसा पुसू नका

कुणाविषयी लिहावं एवढं मला जमतं असं नाही. घरातून कॉलेजात आलेला मीच पहिला. तरीही एका मॅडमविषयी लिहितोय, चुकलं तर माफ करा. त्यांचं नाव विचारायचं धाडस झालं नाही.

कर्वेनगरच्या आमच्या कॉलेजात त्या संशोधनासाठी लेझर वापरायला आल्या होत्या. लेझरने जळणार नाही असा तांब्याचा आरसा त्यांना बनवायचा होता. आधीचे दोन जळले होते. तिसराही जळला तर काम बंद, असं त्यांच्या सरांनी बजावलं होतं. डब्यातला आरसा मला अंधुक वाटला, म्हणून मी मदतीला रुमाल काढला.

"अहो, तो नाकासाठी ठेवा," त्या म्हणाल्या.

बांगड्या पर्समध्ये टाकून, हातमोजे घालून त्यांनी आरसा कडांनी उचलला. घासताना पॉलिशच्या पावडरचे कण मऊ तांब्यात रुततात आणि किरण आधी तिथेच जाळतो, असं त्यांनी समजावलं.

"आई हंडा चिंचेने घासते," मी चाचरत म्हणालो.

"चिंच चालेल, घासणं नको. मीही यावेळी आम्लात बुडवून वरचा थर काढलाय. चमक काय, बघणाऱ्यांसाठी असते."

तेवढ्यात वीज गेली. त्यांनी शांतपणे डबा बंद केला. "पुन्हा येईन," म्हणाल्या. वर्गात बोलताना अडखळलो की मला ते डबा बंद करणं आठवतं.

माझ्या परीक्षेच्या दिवसांत त्या येऊन गेल्या. काल लॅबच्या काकांनी निरोप दिला, "त्या बाई म्हणाल्या, रुमालवाल्याला सांगा, आरसा टिकला."