स्वभावाला औषध

येडशीच्या माळावर मेंढरं राखणारा सिदू म्हंजे एका अंगात दोन सिदू. एक उठला, की झोप नको, भाकर नको. वाटंनं जाणाऱ्याला वढून चहा पाजायचा, बिरोबाच्या देवळात ओव्या गायला लागला, की माणूस जागचं हलायचं न्हाय. दुसरा भिंतीकडं तोंड करून महिना महिना पडायचा. मग मेंढरामागं बायको, कोंडाबाई. गाव म्हणायचं, "स्वभावच हाय. स्वभावाला कुठं औषध असतंय?"

तरी कोंडाबाईनं त्याला धाराशिवला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चढ-उतार सगळ्यांनाच असतो, बाई. कुणाचा बांधाएवढा, यांचा डोंगराएवढा. स्वभाव कुठं संपला, आजार कुठं लागला, तिथं काही दगड पुरलेला नसतो. पण गोळी चुकवायची नाही."

गोळ्यांनी सिदू ताळ्यावर आला. गाणं तेवढं जेमतेम राहिलं. पण ढोल वाजला, की झोपेतबी त्याचं बोट घोंगड्यावर ताल धरायचं. कोंडाबाईला तेवढं पुरत होतं.

गावाला पुरंना. जत्रा तोंडावर आली, तसा पुजारी रामहरी दारात आला.

"सिदू, मागल्या साली गायलास का दळण दळलंस रं?"

"आबा, त्यांच्या गोळ्या चालू हायेत," कोंडाबाई म्हणाली.

"तेच म्हणतोय. जत्रंपुरत्या ठिव बाजूला. देवाचं काम हाय, देव वाईट करंल व्हय?"

सिदू लई दिवसांनी हसला. "कोंडे, गाणारा म्याच हाय गं. ह्यो गोळ्या खाणारा कोन, मला वळखू येत न्हाय."

गोळ्या बाजूला पडल्या. जत्रंत तो असा गायला, की भंडाऱ्यानं पिवळा करून लोकांनी त्याला खांद्यावर घेतला. कोंडाबाई मागं उभी राहून रडत होती. बायका म्हणाल्या, "आनंदानं रडतीया."

अंगावरचा भंडारा निघायच्या आत सिदू भिंतीकडं वळला. कोंडाबाईनं गोळी तोंडाजवळ नेली, की दात आवळायचा. लोकर कातरायचे दिवस आले, गेले. निम्मी मेंढरं इकली. रामहरी एकदा येऊन उंबऱ्यावर टेकला, "स्वभाव, दुसरं काय," म्हणून उठला.

पुढल्या जत्रंला गाणारा सोनारी गावाकडनं आणला. ढोल घुमला, तशी कोंडाबाई चूल सोडून सिदूजवळ बसली. त्याच्या तोंडाकडं न्हाय, बोटाकडं बघत.

ढोल लई येळ वाजला. बोट काय हललं न्हाय.

मग तिनं त्याच्या अंगावर घोंगडं वढलं अन् मेंढरं सोडायला गेली.